ढोल्या गणपतीची पाठ

वाईला जाणारा प्रवासी ढोल्या गणपतीचे दर्शन घेतल्याशिवाय परतत नाही. एकाच काळ्या पाषाणात घडवलेली ती अवाढव्य मूर्ती पाहायची, प्रदक्षिणा घालायची, घाटाच्या पायरीवर दोन मिनिटे टेकायचे आणि पाचगणीच्या वाटेला लागायचे, हा साधारण रिवाज. माझे आजोळ वाईचे. त्यामुळे लहानपणी प्रत्येक मे महिन्यात हे दर्शन मला अनेकदा घडले. अशाच एका संध्याकाळी मामा म्हणाला, "अगं, देव पाहिलास, आता देवाची पाठ बघ." आणि मला देवळाच्या मागच्या अंगाला घेऊन गेला.

देवळाची मागची भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी ती निमुळती होत जाते आणि टोकाला मिळते. वाईकर तिला मत्स्याकार म्हणतात. पाण्यातल्या माशासारखी ती प्रवाहाला सामोरी जाते. कृष्णेला पूर आला की येणारा लोंढा त्या टोकावर फाटतो, दोन बाजूंनी निघून जातो आणि भिंतीवर थेट आदळत नाही. पुलाच्या खांबांना प्रवाहाकडून जे टोक काढतात, तीच ही युक्ती. देऊळ १७६२ सालचे. म्हणजे अडीचशेहून अधिक पावसाळे ती भिंत हेच काम करते आहे.

तेव्हा मला त्यात फार गंमत वाटली नव्हती. पुढे इतिहासाचे वाचन वाढले, कागदपत्रांचा नाद लागला, आणि एका गोष्टीची टोचणी मनाला लागून राहिली. तिच्याविषयी शेवटी सांगेन. त्या टोचणीमुळे मी वाईकडे पुन्हा नव्याने पाहू लागले, तेव्हा ध्यानात आले की या गावाचा इतिहास पुढून दिसतो त्यापेक्षा पाठीमागून अधिक दिसतो. हा लेख म्हणजे त्या मागच्या बाजूने घातलेली एक प्रदक्षिणा आहे.

घाटांचे गाव

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा सह्याद्रीच्या कड्यांतून उतरते आणि धोमच्या खोऱ्यातून वाहत येऊन वाईला पोहोचते. उत्तरेला पांडवगड, आग्नेयेला वैराटगड, पश्चिमेला पसरणीचा घाट. लोकपरंपरा वाईला विराटनगरी मानते आणि पांडवांच्या अज्ञातवासाच्या कथा या डोंगरांशी जोडते. कथेचा भाग सोडला तरी वस्तीचे जुनेपण नाकारता येत नाही. वाईच्या उत्तरेला लोहारे गावाजवळ डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत आणि आज ती पालपेश्वर या महादेवाच्या नावाने ओळखली जातात. कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटांच्या जवळ असलेले हे खोरे फार पूर्वीपासून माणसांच्या राबत्यात होते, याची ही खूण.

मध्ययुगात वाई हा आदिलशाहीचा महत्त्वाचा सुभा होता. १६४९ च्या सुमारास अफझलखान इथला सुभेदार झाला. शेजारचे जावळीचे खोरे चंद्रराव मोऱ्यांचे. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि वाईच्या उशाशी प्रतापगड उभा राहिला. १६५९ साली खान महाराजांवर चालून आला, तेव्हा त्याच्या लष्कराचा तळ वाईलाच पडला होता. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले, ते महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ आहे. वाईकरांनी मात्र त्या प्रसंगाची आठवण एका वेगळ्या रीतीने जपली आहे, ती कृष्णाबाईच्या उत्सवातून. खानाच्या स्वारीत महाराजांना यश यावे म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते.

हा उत्सव वाईच्या रचनेची किल्ली आहे. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी आणि मधली आळी अशा सात आळ्या पाळीपाळीने आपापल्या घाटावर कृष्णाबाईला बसवतात. माघापासून चैत्रापर्यंत नदीकाठ गजबजलेला असतो. कीर्तने होतात, पंगती उठतात. सांगायचा मुद्दा हा की वाईतल्या माणसाची आळी म्हणजे त्याचा घाट. बहुतेक गावे वेशीपासून मोजली जातात, वाई पाण्यापासून मोजली जाते. आजोळी कुणी नवखा भेटला, तर पहिला प्रश्न "कुठल्या घाटावरचे?" असा असे.

घाट म्हणजे तरी काय? नदी आणि गाव यांच्यामधली ती हद्द आहे. भिंत घातली तर नदी तिला धडका देते. घाट तसा धडका देऊ देत नाही. पाणी चढेल तसे एकेक पायरी त्याला द्यायची, ओसरेल तशी परत घ्यायची, गाळ उपसायचा, पायऱ्या धुवायच्या आणि पुन्हा धुण्याला, संध्येला, गप्पांना बसायचे. पूर येणार हे गृहीत धरूनच बांधकाम केलेले असते. ढोल्या गणपतीची पाठ हा त्याच समजुतीचा सर्वांत धीट नमुना. देऊळ नदीपासून दूर, उंचावर नेण्याचा सोपा मार्ग होता. बांधणाऱ्यांनी ते पात्रालगतच बांधले आणि पुराची सोय आधी करून ठेवली.

१७६१ आणि १७६२

बांधणारे होते रास्ते. वाईच्या घाटांना आज दिसणारे रूप मुख्यतः या घराण्याने दिले. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेले. समोरचा काळ्या दगडाचा तुकतुकीत नंदी पाहून लहान मुलांना त्याच्यावर हात फिरवल्यावाचून राहवत नाही. त्याला लागून ढोल्या गणपती, तो गणपतराव भिकाजी रास्त्यांचा. पुढच्या दोन दशकांत विष्णू आणि महालक्ष्मी यांची देवळे उभी राहिली.

रास्ते नुसते सावकार-सरदार नव्हते, पेशव्यांचे व्याही होते. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई ही नानासाहेब पेशव्यांची पत्नी. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे तिचे पुत्र. म्हणजे वाईची देवळे बांधणारे हे रास्तेबंधू विश्वासरावांचे मामा.

आता सन शेजारी ठेवून पाहावेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. सदाशिवरावभाऊ गेले, हजारो घरांत परतून कुणी आले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. गोपिकाबाईंनी पाच महिन्यांत मुलगा आणि नवरा दोन्ही गमावले. आणि १७६२ साली त्यांच्या माहेरी, कृष्णेच्या काठावर, पुराचा लोंढा फोडणारी पाठ असलेले देऊळ उभे राहिले.

या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी आवरते. पानिपतच्या दुःखातून हे देऊळ उगवले, असे म्हणायला माझ्यापाशी कागद नाही आणि कागदाशिवाय असे बोलू नये. काशीविश्वेश्वर पानिपतच्या आधीचा आहे, हेही विसरता येत नाही. तरी ज्या घराने भाचा गमावला, त्या घराने पुढच्याच वर्षी अडीच शतके टिकेल असे काम पुरे केले, एवढे तर दगड सांगतोच. पानिपतानंतर मराठ्यांचे सारे संपले, या शालेय समजुतीला ती भिंत मुक्याने हरकत घेते. माधवरावांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत जे सावरणे झाले, त्याचे दगडातले रूप म्हणून मी तिच्याकडे पाहते.

मेणवलीची घंटा

वाईपासून नदीच्या वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर मेणवली आहे. इथला घाट अर्धचंद्राकार. काठावर मेणेश्वराचे देऊळ आणि त्यामागे नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा. मेणवली गाव नानांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले.

नाना फडणवीस म्हटले की बारभाईंचे कारस्थान, सवाई माधवराव, फडावरची करडी शिस्त हे सारे डोळ्यांपुढे येते. पण नाना पानिपतातून जीव वाचवून परतलेले होते. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतले. पळापळीत त्यांची आई हातची गेली. तो अनुभव त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवला आहे आणि अठराव्या शतकातल्या मराठीत इतके उघडे, स्वतःचे भय न लपवणारे लेखन क्वचित सापडते. कृष्णाकाठी वाडा बांधणारा हा माणूस तिथून आला होता.

मेणवलीच्या घाटावर एका छोट्या देवळीत पंचधातूची मोठी घंटा टांगलेली आहे. लोक तिच्याखाली उभे राहून छायाचित्र काढतात. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे आणि १७०७ हा आकडा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत वाजू लागल्या. मेणवलीची त्यांतलीच एक. आणणाऱ्यांनी ती वितळवली नाही आणि मेरीमातेची आकृती घासूनही टाकली नाही. जशी होती तशी शंकराच्या दारात टांगली. घंटेचा नाद चांगला होता, धातू उत्तम होता, एवढे त्यांना पुरेसे वाटले असावे. गंमत अशी की तिच्यावरचे साल बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जवळ जाऊन, तिच्याभोवती फिरून पाहावे लागते. इथेही प्रदक्षिणाच कामी येते.

अलीकडे मेणवलीला येणाऱ्यांना 'स्वदेस' चित्रपटातला घाट पाहायचा असतो आणि वाईला येणाऱ्यांना 'गंगाजल' मधला. दुसऱ्या चित्रपटात तर वाई बिहारमधले गाव म्हणून उभी आहे. त्याने माझे काही बिघडत नाही. दगडाला कोणत्याही गावाचे सोंग चालते. प्रश्न एवढाच, की त्या सोंगाखाली मूळ नाव पुसले जाऊ नये.

रुमालातले गाव

दगडाच्या जोडीने वाईने दुसरी एक गोष्ट जपली, ती म्हणजे कागद.

मेणवलीच्या वाड्यातले नानांचे दप्तर पुढे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या खटपटीने अभ्यासकांच्या हाती आले. त्याचा मोठा भाग आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहात आहे. त्याहून मोठी गोष्ट खुद्द वाईत घडली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाईतल्या एका वाड्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे मिळाली. त्यांतून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत आणि त्याची दीर्घ प्रस्तावना मराठी इतिहासलेखनाला नवे वळण देणारी ठरली. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्याच कागदांवरून लिहायचा, ही हट्टी परंपरा ज्या पत्रांपासून जोमाने सुरू झाली, ती पत्रे वाईच्या एका घरात होती.

पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांचे आजोळ वाई. पानिपतातून वाचलेल्या नानांचा वाडा वाईजवळ. आणि पानिपतची पत्रे सापडली तीही वाईत. एका छोट्या नदीकाठच्या गावात ही तीन टोके एकत्र यावीत, यात नशिबाचा भाग आहेच. पण कागद सापडायला कुणीतरी ते सव्वाशे-दीडशे वर्षे सांभाळावे लागतात. ते काम थोरामोठ्यांचे नव्हे. माळ्यावरच्या पेटीला दरवर्षी ऊन दाखवणाऱ्या, रुमाल पुन्हा बांधून ठेवणाऱ्या, अक्षर न कळताही कागद न फाडणाऱ्या घरच्या माणसांचे ते काम.

विसाव्या शतकात वाईच्या या कागदी परंपरेला नवी फांदी फुटली. गंगापुरीतली प्राज्ञपाठशाळा नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी वाढवली. १९१७ साली विनोबा भावे शास्त्राध्ययनासाठी त्यांच्यापाशी येऊन राहिले होते. याच पाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मकोशाचे प्रचंड काम हाती घेतले आणि त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या त्यांच्या ग्रंथाला १९५५ साली मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोशाची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा त्याचे संपादन मुंबई-पुण्यात न होता वाईत झाले. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि पुढे खंडांची संख्या वीसवर गेली. एका तालुक्याच्या गावी बसून जगातल्या सर्व विद्यांचा कोश मराठीत रचला गेला. आजोळी जाताना त्या कार्यालयावरून जावे लागे आणि मामा न चुकता म्हणे, "इथे सगळं लिहिलेलं आहे बरं का." मला वाटे, सगळे म्हणजे आमच्या आळीचेही.

जे लिहिलेले राहिले नाही

आता त्या टोचणीविषयी.

आजोळच्या वाड्यात माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तिच्यात तांबड्या रुमालांत बांधलेले मोडी कागद होते. आजोबा गेल्यावर ते वाचणारे घरात कुणी उरले नाही. पुढे भावंडांत वाटण्या झाल्या, वाडा विकायचे ठरले, सामान हलवायला चार दिवस मिळाले. भांडीकुंडी वाटली गेली, पाट-चौरंग गेले, देव्हारा मामाकडे गेला. पेटी मात्र कुणालाच नको होती. रद्दीत घालायला मन धजेना, कारण त्यावर वरती 'श्री' लिहिलेले. शेवटी वडीलधाऱ्यांनी ठरवले, कृष्णामाईला अर्पण करू. मी तेव्हा महाविद्यालयात इतिहास शिकत होते. राजवाड्यांचे नाव मला परीक्षेपुरते माहीत होते. मी घाटावर उभी होते आणि हो म्हटले होते.

कागद लगेच बुडत नाही. जुना, हाती केलेला जाड कागद तर पाणी पिऊन हळूहळू जड होतो, थोडा वेळ तरंगतो, मग पायऱ्यांच्या बाजूने खाली जातो. शाई सुटताना पाणी काही काळ काळपट दिसले. कुणी म्हणाले, "सुटलो बाई." मलाही तसेच वाटले होते.

ज्या गावाने देवळाची पाठ पुरासाठी घडवली, त्याच गावातल्या आम्ही आमच्या हाताने जे पुरापासून दूर, माळ्यावर होते ते पाण्यात नेऊन सोडले. हे पाप होते असे मी म्हणत नाही. त्यामागे श्रद्धाच होती. पण अज्ञान श्रद्धेच्या वेषात येते तेव्हा त्याला अडवणारे कुणी उरत नाही, हे मला फार उशिरा कळले. रद्दीवाल्याकडे गेला असता, तर एखादा कागद एखाद्या राजवाड्यांना मिळालाही असता.

त्यानंतर काही वर्षांनी मी मोडी शिकले. मामाच्या देव्हाऱ्यातल्या एका पोथीत दुमडलेला एकच कागद राहून गेला होता, तो त्याने मला दिला. तो वाचायला मला तीन दिवस लागले. त्यात पानिपत नव्हते, पेशवे नव्हते. कुणाला किती मण भात दिले, किती परत आले, किती बाकी राहिले, एवढा हिशेब. शेवटी एका बैलाची किंमत. पण त्या कागदामुळे मला प्रथमच कळले की आमच्या घरचे लोक भात उसने देत होते, म्हणजे घाटावर राहणाऱ्या त्या घराची शेती खोऱ्यात कुठेतरी होती आणि वसुली बेताचीच होत होती. बाकीच्या रुमालांत याचाच पुढचा-मागचा मजकूर असणार. एका गावाचा, एका नदीकाठच्या खोऱ्याचा, लढाया वगळून उरलेला इतिहास. तो विश्वकोशातही नसतो, कारण तो तिथे येण्याआधी कुणीतरी घरी जपून ठेवावा लागतो.

शेवटची प्रदक्षिणा

वाईच्या वर धोमचे धरण झाल्यापासून नदीचा स्वभाव बदलला आहे. उन्हाळ्यात पात्र सोडलेल्या पाण्यावर जगते आणि पावसाळ्यात पूर धरणाच्या दारांवर अवलंबून असतो. नदी बेभरवशाची राहिली नाही, म्हणून गावानेही तिच्याकडे पाहणे कमी केले. नवी घरे रस्त्याकडे तोंड करून बांधली जातात, नदी त्यांच्या पाठीला येते. पण जोराचा पाऊस झाला आणि विसर्ग वाढला की पाणी पुन्हा घाट चढू लागते. तेव्हा गाव गणपतीच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर आले ते पाहायला गोळा होते.

मागच्या पावसाळ्यात मीही तशी गेले होते. मामा आता नाही. देवळाच्या मागच्या बाजूला जाता येत नव्हते, म्हणून पलीकडच्या काठावरून पाहिले. तांबडे पाणी त्या टोकावर येत होते, दोन भाग होत होते आणि पुढे जाऊन पुन्हा एक होत होते. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलीने आईला विचारले, "देऊळ वाहून का नाही जात?" आईला सांगता येईना. मी सांगितले, जेवढे मला माहीत होते तेवढे.

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी पेटी असेल, त्यांना एवढीच विनंती, की ती उघडा. अक्षर लागले नाही तर मोडी वाचणारे लोक गावोगाव आहेत, त्यांना दाखवा. ते म्हणतील, यात काही विशेष नाही, भाताचा हिशेब आहे. तरी तो रुमाल पुन्हा बांधून ठेवा.